नेता साधा आहे, मग काय?

महाराष्ट्रात एखादा लोकप्रिय नेता गेला की दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे ठरावीक आठवणींनी भरून जातात. साहेब एसटीने फिरत. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खात. गावोगावच्या म्हाताऱ्यांना नावाने हाक मारत. रात्री उशिरा आलेल्या माणसालाही भेटल्याशिवाय परत पाठवत नसत. कलावंत गेला तर तपशील थोडे बदलतात, सूर तोच राहतो : एवढा मोठा माणूस, पण स्पॉटबॉयबरोबर जेवायला बसायचा. या आठवणी बहुतेक खऱ्या असतात. अडचण त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षाची आहे. ‘सामान्य माणसाशी नाळ जुळलेला नेता’ हे प्रमाणपत्र आपण ज्या पुराव्यावर देतो, त्या पुराव्यातून ते निघत नाही.

माझे म्हणणे असे की लोकांशी असलेले नाते नेत्याच्या राहणीवरून, बोलीवरून किंवा भेटीच्या सहजतेवरून मोजणे उथळ आहे. ते तीन प्रश्नांवर तपासले पाहिजे. त्या नात्यामुळे सामान्य माणसाची नेत्याच्या दारातली खेप वाचली का? त्या नात्यात दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का? आणि ‘सामान्य’ म्हणून कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले? या तीन प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर नेता मर्सिडीजमधून फिरला तरी मला चालेल. ती वाईट असतील, तर तो अनवाणी फिरला तरी उपयोग नाही.

१. साधेपणा काय सिद्ध करतो?

साधेपणा एक गोष्ट नक्की सिद्ध करतो. त्या माणसाने सत्तेतून स्वतःसाठी फारसे काही उचललेले नाही, निदान ते मिरवण्याची त्याला हौस नाही. आजच्या काळात हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पण हे नेत्याच्या चारित्र्याबद्दलचे विधान झाले. लोकांच्या आयुष्यात काय घडले, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

मनोहर पर्रीकरांचे उदाहरण घ्या. आयआयटीत शिकलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा, पायांत सँडल अडकवून फिरणारा मुख्यमंत्री ही प्रतिमा गोव्याच्या हद्दी ओलांडून देशभर पोचली. २०१४ च्या नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हाही त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या पेहरावाच्या गोष्टी अधिक रंगल्या. पर्रीकरांचे राजकारण बरे की वाईट, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की ज्यांना ते मनापासून आवडत होते, अशा किती जणांना त्यांच्या सरकारच्या एखाद्या निर्णयाबद्दल चार वाक्ये सलग बोलता आली असती? साधेपणाच्या गोष्टींनी त्या माणसाचे राजकारणच झाकले गेले. हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

त्याच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, यांची गोष्ट उलटी आहे. ते खाणमालक होते. श्रीमंती त्यांनी लपवली नाही. ‘पाय जमिनीवर’ असल्याच्या कोणत्याही कसोटीत ते नापास झाले असते, कारण त्यांच्या पायांखालची जमीन खनिजाची होती. तरीही १९६३ च्या डिसेंबरातल्या पहिल्या निवडणुकीत कुळे, जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार आणि पोर्तुगीज काळात शाळेचे तोंड न पाहिलेला बहुजन समाज त्यांच्या पक्षामागे उभा राहिला. त्यांच्या कारकिर्दीत गावागावांत सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. या माणसाचे सामान्यांशी नाते होते की नव्हते? ज्याचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा पाटी घेऊन शाळेत गेला, त्याने मुख्यमंत्र्यांच्या गाडीचा रंग पाहिला नसावा.

आता साधेपणाच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण : सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षासारख्या आटत चाललेल्या पक्षाकडून ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले. २०२१ च्या जुलैअखेर ते गेले तेव्हा एसटीतल्या प्रवासाच्या आठवणींना पूर आला. पण एसटीतून फिरणारे आणखीही आमदार त्या पिढीत होते. त्यांची नावे आज कोणाला आठवतात? सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात माणूस टिकतो तो पाण्याच्या आणि पिकाच्या प्रश्नावर. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांत वर्षानुवर्षे धरलेला हट्ट आणि सहकारी सूतगिरणी नीट चालवण्याची शिस्त हा गणपतरावांच्या नात्याचा खरा मजकूर. एसटी हे त्याचे मुखपृष्ठ. आपण मुखपृष्ठच वाचत बसलो.

२. भेट मिळणे आणि काम होणे

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे. जो नेता सहज भेटतो, तो लोकांचा. सकाळी सातपासून बंगल्याच्या अंगणात माणसे बसलेली, साहेब एकेकाचा कागद हातात घेतात, पीएला सांगतात, ‘तहसीलदारांना फोन लाव.’ फोन लागतो, काम होते. अर्जदार हात जोडून निघतो आणि पुढची वीस वर्षे मत कोणाला द्यायचे हे ठरून जाते.

हे दृश्य जरा उलट्या बाजूने पाहू. तो माणूस कशासाठी आला होता? रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायला, जातीच्या दाखल्यासाठी, वारसाची नोंद सातबाऱ्यावर होत नाही म्हणून, सरकारी रुग्णालयात खाट मिळावी म्हणून. यातले एकही काम नेत्याच्या अखत्यारीतले नाही आणि एकही काम उपकाराचे नाही. ते त्या माणसाचे देणे आहे. तलाठ्याने, ग्रामसेवकाने, तालुक्याच्या कारकुनाने ते ठरल्या वेळेत केले असते, तर अंगणात गर्दी झालीच नसती. म्हणजे अंगणातली गर्दी हा नेत्याच्या लोकप्रियतेचा पुरावा असेल, पण त्याआधी ती त्याच्या मतदारसंघातल्या कारभाराच्या अपयशाची मोजदाद आहे.

येथे एक अवघड गोष्ट बोलावी लागते. सहज भेटणाऱ्या नेत्याचे हित सरकारी कचेरीची खिडकी बंद राहण्यात असते. तो दुष्ट असतो असे नाही. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही हे जाणवत नाही. पण खिडकी उघडली की त्याच्या फोनची किंमत संपते. म्हणून आपल्याकडे आमदार मदतकेंद्रे उघडतात, आरोग्य शिबिरे घेतात, दाखले वाटपाचे मेळावे भरवतात, मंडप घालून दाखल्यावर स्वतःचा फोटोही छापतात. मात्र २०१५ साली झालेल्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्याबद्दल प्रचारसभेत ते सहसा तोंड उघडत नाहीत. ठरावीक मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, ही माहिती मतदाराला देणे म्हणजे त्याला अंगणातून उठवणे.

याच्या नेमके उलट वागलेली माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि ती सगळीच गर्दी खेचणारी नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे नाव आज किती तरुणांना माहीत असेल? त्यांच्या एसटी प्रवासाच्या गोष्टी कोणी सांगत नाही. १९६५ च्या सुमारास त्यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग सुरू केला. त्यातून आणि पुढे १९७२ च्या दुष्काळातल्या अनुभवातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून तिच्या पैशाची सोय झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून कापलेला कर माण-खटावच्या बांधावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी झाला. त्या बाईला पागेंना भेटावे लागले नाही. कोणाची चिठ्ठी न्यावी लागली नाही. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे कायद्यातच लिहिलेले होते. हमीची मजुरी हातात पडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. यातल्या बहुसंख्य बायकांनी पागेंचा चेहरा कधी पाहिला नाही. सामान्य माणसाशी याहून घट्ट नाते कोणत्या बंगल्याच्या अंगणात जुळले?

माथाडी कामगारांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे आपुलकी आणि कायदा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. बाबा आढाव पेशाने डॉक्टर. पुण्याच्या बाजारपेठेतल्या हमालांत ते मिसळले, हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटील स्वतः माथाड्यांतूनच आलेले. हमालाच्या पाठीवरचे ओझे दोघांनाही जवळून माहीत होते. येथवरची गोष्ट आपल्याला आवडते, तिच्यावर सिनेमा निघू शकतो. पुढची गोष्ट रुक्ष आहे आणि खरे मोल तिचेच आहे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदणीही मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा, तिच्याबरोबर भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाण्याची तरतूद. ज्याला कोणी कायम मालक नव्हता, म्हणून ज्याला कोणताच कामगार कायदा लागू होत नव्हता, त्या माणसाला पासबुक मिळाले. पुढे या मंडळांत टोळ्या, खंडणी, बोगस नोंदण्या असे नाना प्रकार शिरले, हे खरे. पण त्याविरुद्ध भांडायला हमालाच्या हातात निदान एक कागद होता.

मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. ही पदवी मला फार सूचक वाटते. गोरेगावच्या वस्त्यांत नळ नव्हते, म्हणून त्यांना ते नाव मिळाले. महापालिकेशी भांडून नळ आणल्यावर त्या वस्तीला पाण्यासाठी मृणालताईंची गरज उरली नाही. लोकांच्या नेत्याने स्वतःची गरज अशी संपवत न्यायची असते. लोकही कृतघ्न झाले नाहीत. १९७७ मध्ये त्यांनी मृणालताईंना लोकसभेत पाठवले.

३. पडद्यावरचा आपला माणूस

नटांची गोष्ट वेगळी आहे, कारण नट कोणाचे काम करून देण्याचे वचन देत नाही. दादा कोंडके गिरणगावच्या वातावरणात वाढले. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांनी ज्या प्रेक्षकाला थिएटरात आणले, त्याला तोपर्यंतचा मराठी सिनेमा फारसे विचारत नव्हता. शिष्टांनी नाके मुरडली, सेन्सॉरशी झटापटी झाल्या, आणि दादांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत राहिले. हे नाते मला पुष्कळसे प्रामाणिक वाटते. प्रेक्षक तिकीट काढतो, हसतो, नाही आवडले तर पुढच्या वेळी जात नाही. येथे कोणी कोणाचा मिंधा नाही.

गडबड होते ती पडद्यावरची आपुलकी पडद्याबाहेर हिशेबाविना वटवली जाते तेव्हा. तामिळनाडूचे एम. जी. रामचंद्रन पडद्यावर कोळी झाले, शेतकरी झाले, रिक्षावाले झाले. प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी मद्रासच्या रिक्षावाल्यांना रेनकोट वाटले. पावसात भिजणाऱ्या माणसाला रेनकोट देणारा नायक! याहून चांगली जाहिरात कोणत्या कंपनीला सुचली नसती. १९७७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधले काही महिने सोडले तर, ते मुख्यमंत्री होते. अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी त्या कारकिर्दीवर ‘द इमेज ट्रॅप’ हे पुस्तक लिहिले. ज्या गरिबांनी एमजीआरना देव मानले, त्यांच्याच खिशाला त्या राजवटीची करपद्धती जाचली, असे पांडियन यांचे प्रतिपादन आहे. प्रतिमा इतकी दाट होती की अनुभवालाही तिच्यातून वाट मिळाली नाही.

पण त्याच एमजीआरनी १९८२ मध्ये मुलांसाठी दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तिच्या खर्चावर तेव्हा अर्थतज्ज्ञांनी टीका केली होती. एमजीआर गेले, पक्ष फुटला, सरकारे बदलली, जेवण थांबले नाही. रेनकोट आणि जेवण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, कदाचित एकाच कणवेतून आलेल्या. रेनकोट मिळालेला रिक्षावाला त्यांचा भक्त झाला. जेवण मिळालेले मूल भक्त होवो न होवो, त्याचे पोट रोज भरले.

महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या मित्रांनी आपल्या लोकप्रियतेचा जो उपयोग केला, त्याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. त्या निधीतून पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळण्याची सोय झाली. निळू फुले यांना प्रत्येक गरजूच्या हातावर नोटा ठेवून दानशूर म्हणवून घेता आले असते, फोटोही निघाले असते. त्याऐवजी हे लोक खलनायकाच्या आणि नायकाच्या वलयाला निधीच्या हिशेबवहीत बसवून मोकळे झाले. मानधन घेणाऱ्या कार्यकर्त्याला कोणाच्या पाया पडावे लागले नाही.

४. ‘नाही’ म्हणण्याची सोय

माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण कसोटी ही आहे. ज्या नात्यात नकाराला जागा नाही, ते भक्तीचे असेल, दहशतीचे असेल, लोकशाहीचे नसेल.

पुन्हा गोव्याकडे जाऊ. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जन्मच गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मागणीतून झाला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी त्या प्रश्नावर जनमत कौल घेतला गेला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांचे सरकार आधी पायउतार झाले. निकाल लागला : विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. पक्षाचा प्राण असलेली मागणी चौतीस हजारांनी हरली. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत गोव्याने बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्ता दिली.

या निकालावर मराठी माणूस आजही हळहळतो, मुंबईत जरा जास्तच. पण लोक आणि नेता यांच्यातले नाते कसे असावे, याचा याहून चांगला धडा आपल्या भागात दुसरा नाही. गोव्याने प्रश्न वेगळा केला आणि माणूस वेगळा केला. भाऊसाहेब, तुमची शाळा हवी, तुमचा कूळकायदा हवा, विलीनीकरण नको. असे म्हणता आले, कारण दोन वेगळ्या मतपेट्या मिळाल्या. प्रश्नावर मत एकीकडे, राज्य कोणी करावे ते दुसरीकडे. बांदोडकरांनीही तो नकार पचवला आणि १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्य केले. गणपतराव देशमुखही १९७२ आणि १९९५ मध्ये पडले होते. अकरा विजयांच्या आकड्यात हे दोन पराभव आपण विसरतो. सांगोल्याने त्यांना घरी बसवले आणि पुन्हा बोलावले. नाते जिवंत असल्याचा पुरावा त्या दोन पराभवांत अधिक आहे.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. डॉ. दत्ता सामंतांवर गिरणी कामगारांचा जो विश्वास होता, त्याला मुंबईच्या इतिहासात तोड नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाचा रेटा कामगारांकडूनच आला होता, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. हट्टाला पेटलेले मालक, ताठ बसलेले सरकार आणि कायद्याने एकमेव मान्यता मिळालेली, पण कामगारांना नकोशी झालेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना, यांचा दोष सर्वांत मोठा आहे. तो डॉक्टरांवर ढकलण्याचा माझा हेतू नाही. पण महिने उलटत गेले, कामगार गावी परतू लागले, चूल बंद पडली, तरी ‘आता थांबायचे का’ हा प्रश्न कामगारांना रीतसर विचारण्याची जागा कोठेच नव्हती. सरकारने गुप्त मतदानाने संघटना निवडू दिली नाही, आणि सामंतांच्या संघटनेत नेत्यावरची निष्ठा व संप चालू ठेवण्याचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या करणारी पेटी तयार झाली नाही. थांबावे म्हणणे म्हणजे डॉक्टरांना सोडणे, असा अर्थ झाला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही कामगारांनी डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. प्रेम तसूभर कमी झाले नव्हते. गिरण्या मात्र गेल्या.

नकार दुसऱ्या बाजूनेही यावा लागतो. लोकांना आवडेल तेच बोलणारा नेता लोकांचा मान ठेवत नसतो, त्यांना गोंजारत असतो. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांवर चाले. ते विचारत, समोरचे उत्तर देत, आणि त्या उत्तरातच त्यांची खरडपट्टी निघे : कर्ज काढून सण करणे, देवाला बकरे कापणे, दारू, अस्पृश्यता. लोकांच्या बोलीत बोलणाऱ्यांचा आदर्श म्हणून आपण बाबांचे नाव घेतो. ती बोली ते लोकांना रागावण्यासाठी वापरत, हे सांगायला विसरतो. आजच्या ‘लोकांच्या भाषेत बोलणाऱ्या’ वक्त्यांपैकी किती जण समोरच्या सभेला एखादी कडू गोष्ट ऐकवतात?

५. ‘सामान्य’ कोण?

रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे सर्वांचे आर. आर. आबा, यांच्याबद्दल महाराष्ट्राच्या मनात माया आहे आणि ती अस्थानी नाही. अंजनीसारख्या खेड्यातून आलेला, गरिबीत शिकलेला हा माणूस ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि सरकारी पैशाची वाट न पाहता गावांनी आपापली गटारे उपसली. पहिल्या कसोटीवर आबा बऱ्यापैकी उतरतात. बऱ्यापैकी एवढ्यासाठी, की ती स्पर्धा होती, हक्क नव्हता.

पण गृहमंत्री असताना २००५ मध्ये त्यांनी डान्सबार बंद केले. गावाकडच्या आयाबायांनी त्यांना दुवा दिला, कारण जमीन विकून आलेला पैसा पोरांनी बारमध्ये उडवल्याच्या कहाण्या खऱ्या होत्या. आबांनी लोकांचे ऐकले, यात शंका नाही. परंतु बारमध्ये नाचणाऱ्या बाया कोण होत्या? त्याही गरीब घरांतल्या, त्यांच्याही पोटावर घरे चाललेली. बंदी फक्त साध्या बारना होती, तारांकित हॉटेलांना सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बंदीपासूनच्या या आठ वर्षांत त्या बायकांचे काय झाले, हे विचारायला कोणताही लोकाभिमुख नेता गेला नाही. ‘सामान्य’ या कुटुंबात त्यांची नोंदच नव्हती.

आबांना खलनायक ठरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. सर्वांत सच्च्या नेत्याच्या बाबतीतही हा प्रश्न विचारावा लागतो, एवढेच दाखवायचे आहे. लोकांशी जितके घट्ट नाते, तितकी त्या लोकांच्या कुंपणाबाहेरची माणसे दिसेनाशी होण्याची शक्यता जास्त. भूमिपुत्राचा नेता परप्रांतीय मजुराला विसरतो, शेतकऱ्याचा नेता शेतमजुराला, कामगाराचा नेता बदली कामगाराला.

६. आक्षेप

पहिला आक्षेप येईल तो सन्मानाचा. तालुक्याचा कारकून ज्याला ‘ए, उद्या ये’ म्हणतो, त्याला आमदार नावाने हाक मारून शेजारी बसवतो, याला काहीच किंमत नाही का? आहे, फार आहे. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर हेटाळणी आली, त्याला ती हाक रेशनकार्डापेक्षा मोलाची वाटू शकते, आणि हे वाटणे भाबडे नाही. माझी हरकत एवढीच की हा मान आमदाराच्या अंगणापुरता राहतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीपाशी गेला की पुन्हा ‘ए’ होतो. आमदाराला त्याच्याबद्दल खरोखर आदर असेल, तर त्याने त्या कारकुनाची भाषा बदलून दाखवावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायदे कागदावर राहतात, ते हलवायला जिवंत माणूस लागतो. हमीच्या कामावर खोटी हजेरीपत्रके भरली गेली, माथाडी मंडळे पोखरली गेली, सेवा हक्काचे अपील कसे करायचे हे कोणाला माहीत नाही. अगदी मान्य. बाबा आढाव नसते तर हमालांना कायद्याचा उपयोग किती झाला असता, सांगता येत नाही. कायदा पुरेसा आहे असे मी कोठेच म्हणत नाही. मी विचारतो ते हे की जवळ येणारा माणूस त्या जवळिकीचे काय करतो. हमालाला पावती मागायला शिकवतो, की पावतीऐवजी माझे नाव सांग म्हणतो?

तिसरा आक्षेप : लोक मूर्ख नाहीत, सहज भेटणारा नेता ते समजून-उमजून निवडतात. खरे आहे. खिडकी बंद असताना खिडकी उघडणाऱ्याची ओळख ठेवणे हे शहाणपणच आहे, आणि अंगणात बसलेल्या माणसाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझा रोख त्याच्याकडे नाहीच. तो आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांकडे आहे. आम्हाला दाखल्यासाठी अंगणात बसावे लागत नाही. आम्हाला साधेपणाच्या गोष्टी लागतात, कारण त्या लिहायला सोप्या, वाचायला गोड आणि कोणालाही न दुखावणाऱ्या असतात. सूतगिरणीचा ताळेबंद वाचायला वेळ लागतो, एसटीतल्या खिडकीजवळच्या सीटवर दहा ओळी सहज पडतात.

म्हणून शेवटची विनंती वाचकाला नाही, संपादकांना आणि आम्हा लेखकांना आहे. पुढच्या वेळी एखाद्या लोकनेत्यावर लेख मागवाल किंवा लिहाल, तेव्हा त्याच्या घरी जाण्याआधी त्याच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत एक सकाळ उभे राहा. कोणाची चिठ्ठी नसलेला माणूस किती वेळात आपले काम करून बाहेर पडतो, ते घड्याळ लावून पाहा, आणि लेखाचा पहिला परिच्छेद तेथून सुरू करा. पिठलं-भाकरीला जागा उरली, तर ती खाली कोठेतरी टाका.